निमकरकाकांचा बंपर

निमकरकाका ट्रकचा बंपर चाखून बघतात. उजव्या हाताची करंगळी बंपरच्या खालच्या कडेवरून फिरवायची, जिभेला लावायची, डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचा, "आहे अजून." म्हणजे मीठ. मग पुन्हा एक बादली कोमट पाणी, पुन्हा फडकं, पुन्हा करंगळी.

मी त्यांना पहिल्यांदा हे करताना पाहिलं तेव्हा मी टपाल घ्यायला बाहेर आले होते. समोरच्या घराच्या गराजचं दार अर्धं वर होतं आणि आत माकडटोपी घातलेले एक गृहस्थ डाळिंबी रंगाच्या भल्यामोठ्या पिकअप ट्रकपुढे उकिडवे बसले होते. आम्ही अमेरिकेत, मिशिगनमधल्या नोव्हाय गावात राहायला येऊन आठवडाही झाला नव्हता. माकडटोपी दिसली म्हणजे माणूस आपलाच, या खात्रीने मी जवळ गेले.

"काका, रस्त्यावरचं मीठ आहे ते. पोटात जाईल."

"खात नाही, टेस्ट करतो," ते मागे न बघता म्हणाले. "आणि गेलं तर गेलं. घरात बीपीमुळे मंदा मीठ घालत नाही. एवढंच काय ते मिळतं."

मी तिथून निघून जायला हवं होतं. थांबले याला कारण आहे. माझे बाबा नागपुरात प्लेटिंगच्या एका शेडमध्ये कामाला होते. सायकलची हँडलं, मडगार्डाच्या पट्ट्या, कपाटांच्या मुठी यांना ते चमक चढवायचे. आमच्या घरी सायकल नव्हती. शेडमध्ये रबरी हातमोज्यांची एक जोडी होती आणि माणसं सहा. त्या टाक्यांच्या वाफेने बाबांच्या नाकातून रक्त यायचं, बोटांवरचे फोड फुटून पुन्हा तिथेच यायचे. शेडची वीज गेली की त्या दिवसाची हजेरी जायची आणि घरी चूल एकदाच पेटायची. आई दुसऱ्यांची धुणीभांडी करायची. त्यात मी शिकले. शिष्यवृत्ती, वसतिगृह, मग मेटलर्जीची डिग्री. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, आणि हे मी कुणी विचारलं नाही तरी सांगते. आता मी इथल्या एका लॅबमध्ये काम करते. गाड्यांचे सुटे भाग मिठाच्या पाण्याच्या फवाऱ्यात ठेवायचे आणि ते किती दिवसांत गंजतात ते बघायचं, हे माझं काम. बाबा चमक चढवायचे, मी ती कधी उतरते त्यावर लक्ष ठेवते.

हे सगळं मी काकांना तिथेच सांगितलं. काकांनी करंगळी पुसली आणि पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं.

"वडील प्लेटिंगमध्ये होते? प्रॉडक्शन मॅनेजर वगैरे?"

"नाही. कामगार."

"अच्छा," म्हणून ते पुन्हा बंपरकडे वळले. मी तो 'अच्छा' लक्षात ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र ते आलेखाच्या कागदावर गंजाबद्दलचे सतरा प्रश्न लिहून आमच्या दारात हजर. काका मूळचे सांगलीचे. इथल्या एका कारखान्यात त्यांनी उभा जन्म गेज लावून सुटे भाग मोजण्यात काढला होता. रिटायर झाले तरी शर्टाच्या खिशात व्हर्निअर कॅलिपर असायचाच. मंदाकाकूंच्या चकल्यांची जाडी त्याने मोजून झालेली होती आणि त्यावरून त्या दोघांत दोन दिवस अबोलाही होऊन गेला होता.

मिशिगनचा हिवाळा ज्यांनी पाहिला नाही त्यांना एवढं सांगायला हवं, की इथे बर्फ पडायच्या आधीच रस्त्यावर मीठ पडतं. मिठाचे ट्रक खडखडत येतात, मागे खडेमीठ उधळत जातात. त्याने बर्फ वितळतो आणि माणसं वाचतात. गाड्या मात्र खालून सडत जातात. सगळे हे मान्य करून जगतात. काकांनी मान्य केलेलं नव्हतं. "मीठ झोपत नाही, सुजाता," ते मला बजावायचे, जणू मीठ आमच्या गल्लीत पाळत ठेवून बसलं आहे.

त्यांच्या फोनवर हवामानाची तीन ॲप होती आणि तिन्हींवर त्यांचा विश्वास नव्हता. मिठाच्या ट्रकचा आवाज आला की ते जेवता जेवता उठून खिडकीशी जायचे आणि हातातला घास तसाच ठेवून म्हणायचे, "गेला टाकून." आठवड्यातून एकदा ते ट्रक बाहेर काढत. तोही रस्ता कोरडा असेल तर, पूल टाळून, आणि पुढच्या गाडीपासून एवढं अंतर ठेवून, की मधे दुसऱ्या चार गाड्या शिरायच्या. शिरल्या की काका आणखी मागे राहायचे. "पुढच्याचं मीठ आपण का अंगावर घ्यायचं? रिस्क नको." मागचा हॉर्न वाजवायचा. काका त्याला हात हलवून नमस्कार करायचे. इंडियन ग्रोसरीचं दुकान आमच्यापासून दहा मिनिटांवर आहे. काका तिथून कोथिंबीर आणेपर्यंत काकूंची आमटी उकळून, निवून, पुन्हा उकळलेली असायची.

'रिस्क नको' हे त्यांचं सगळ्यावरचं उत्तर होतं. आणखी एक पुरी वाढू? रिस्क नको. तिकडे नवीन सिनेमा लागलाय, येता? रस्ता ओला आहे, रिस्क नको. संक्रांतीला काकूंनी हळदीकुंकू ठेवलं तेव्हा गराजच्या दारात त्यांनी कोमट पाण्याचा एक ट्रे मांडला आणि येणाऱ्या प्रत्येक बाईला आधी बूट त्यात बुडवायला लावले. बुटांना लागून मीठ आत येतं आणि गराजच्या हवेत मिसळतं, असा त्यांचा सिद्धांत होता. पैठणी वर खोचून बायका एका पायावर उभ्या, आणि काका टॉवेल घेऊन शेजारी. "तिळगूळ आत आहे, बूट इथे." एक जण कानात म्हणाली, "यार, एअरपोर्टला पण एवढं चेकिंग नसतं."

आता ट्रकबद्दल. त्याला पुढचा बंपर, मागचा बंपर, जाळी, आरशांची टोपणं, चढायच्या पायऱ्या, सायलेन्सरचं तोंड एवढं सगळं क्रोमच्या चकचकीत मुलाम्याचं होतं. ट्रकची आंघोळ झाली की काका तो काकूंच्या जुन्या सुती साड्यांनी टिपून घ्यायचे. त्यातल्या काही फारशा जुन्या नव्हत्या, असं काकूंचं म्हणणं. मग मेण. मेणावर, नटबोल्टांच्या खाचांत, व्हॅसलिन. आरशांना स्वयंपाकघरातलं चिकट प्लास्टिक. जाळीवर आणि बंपरवर सांगलीहून आणलेल्या दोन गोधड्या, सुतळीने बांधून. आणि शेजारी तेलाचा हीटर, रात्रंदिवस चालू. कानाला बांधून, पांघरूण घालून, शेकशेगडी देऊन बाळंतिणीला बसवतात तसा तो ट्रक बसलेला असायचा. मी हे एकदा काकूंना म्हटलं तर त्या म्हणाल्या, "माझ्या बाळंतपणात यांनी एवढं केलं नव्हतं."

गोची नेमकी इथेच होती. क्रोमचा थर फार पातळ असतो. त्याला डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा असतात, आणि खारट ओल त्यातून खालच्या लोखंडापर्यंत पोचते. कडाक्याच्या थंडीत हे काम अगदी मंद चालतं. ऊब मिळाली की तेच जोरात सुरू होतं. आणि वरून गोधडी बांधली की ओल उडून जायला वाटही राहत नाही. आमच्या लॅबमध्ये एखादा भाग लवकर गंजवायचा असेल तर आम्ही काय करतो? मीठ, ओल आणि ऊब, तिन्ही एका बंद पेटीत देतो. काकांनी प्रेमापोटी घरच्या गराजमध्ये तीच पेटी बांधली होती.

"काका, मीठ झोपत नाही म्हणता ना? थंडीत ते जवळजवळ झोपलेलंच असतं. तुम्ही हीटर लावून त्याला उठवता."

"थंडी बाधते, सुजाता. माणसाला बाधते, तर लोखंडाला का नाही?"

"लोखंडाला नाही बाधत."

"हे तुझं कॉलेज बोलतंय."

"कॉलेजच बोलणार काका. त्यासाठीच गेले होते."

ते हसले, माझ्या हातावर दोन बेसनाचे लाडू ठेवले आणि हीटरचं बटण एक घर वाढवलं. हे मी पहिल्या हिवाळ्यात सांगितलं, दुसऱ्यातही सांगितलं.

एवढा जीव का, हे मला बरेच दिवस कळलं नव्हतं. काका स्वतः एक जुनी, खालून चाळण झालेली छोटी गाडी चालवायचे. तिच्या गंजाकडे त्यांनी कधी वाकूनही पाहिलं नाही. ट्रक त्यांचा नव्हताच. तो निखिलचा, त्यांच्या मुलाचा.

"निखिल काय करतो?" मी एकदा विचारलं होतं.

"मटेरियल्समध्ये आहे."

माझाच विषय, म्हणून मी खूश. "कुठले मटेरियल्स?"

"मेटल्स."

"कुठल्या कंपनीत?"

"वेस्टला," काका म्हणाले, आणि त्यांना अचानक मोठ्या निकडीने एक ॲप बघायचं होतं.

खरं काय ते काकूंनी सांगितलं, दुसऱ्या हिवाळ्यात, एका सकाळी, पोह्यांची बशी माझ्यापुढे ठेवताना. "कसलं मटेरियल्स अगं. वेल्डर आहे तो. ॲरिझोनात." निखिल इंजिनियर झाला, दोन वर्षं खुर्चीत बसून नोकरी केली, आणि एक दिवस सोडून वेल्डिंग शिकायला लागला. मोठमोठ्या पाइपांचं काम मिळालं, ते लांब तिकडे. हे त्याने सांगितलं याच टेबलावर. "हे म्हणाले, एवढं शिकवलं ते हात काळे करायला? तो ताटावरून उठला. दुसऱ्या दिवशी विमानाने गेला. ट्रक पहिल्या नोकरीच्या पगारातून हप्त्यांवर घेतलेला, जीव होता त्याचा. जाताना दारातून एवढंच म्हणाला, मी नेईन नंतर, आठवड्यातून एकदा चालवा. तो गेला त्यानंतरचा हा तिसरा हिवाळा."

"फोन?"

"माझ्याशी बोलतो मधूनमधून. यांच्याशी नाही. आणि यांचाही हात जात नाही. फक्त रविवारी दहा वाजता हे त्याला बंपरचा फोटो पाठवतात. म्हणजे बघ बाबा, तुझी वस्तू नीट आहे. तो उत्तरादाखल अंगठ्याचं चिन्ह पाठवतो, ठीक आहे म्हणून. बाकी एक अक्षर नाही. तो अंगठा आला की यांना जेवण जातं."

मी पोहे खाली ठेवले. त्या बापलेकांचं वाईट वाटलं हे खरंच. पण माझ्या कानात अडकलं होतं ते वेगळंच. हात काळे करायला. माझ्या बाबांचे हात काळेसुद्धा नव्हते. आम्लाने उतरलेल्या कातडीचा एक वेगळाच रंग असतो, फिकट आणि तुळतुळीत. त्याच हातांनी मला इथवर पाठवलं. त्या दिवशी मी पोहे संपवून घरी आले. पण त्यानंतर आठदहा दिवस समोरच्या गराजचं दार उघडं दिसलं की मी मुद्दाम फोन कानाला लावून निघून जायची.

मग फेब्रुवारीतल्या एका शनिवारी सकाळी काकांचाच फोन आला. आवाज अगदी खाली गेलेला.

"सुजाता, जरा येतेस? बंपरला गोवर आलाय."

मी कोट चढवून गेले. काका पालथ्या बादलीवर बसले होते. गोधडी सोडून बाजूला टाकलेली. पुढच्या बंपरच्या खालच्या कडेला, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, मोहरीएवढे तांबूस ठिपके उठले होते. मी हात लावला तर गोधडी आतून दमट, ऊबदार. काही न बोलता मी आधी हीटरचा प्लग काढला.

"हे तू सांगत होतीस," काका म्हणाले.

"दोन वर्षं."

"हो. दोष दे मला, पण नंतर दे. उद्या रविवार आहे." त्यांनी कॅलिपर काढला, एका ठिपक्यावर धरला आणि परत खिशात ठेवला. आकड्याकडे बघितलंही नाही. "उद्या मी त्याला काय पाठवू?"

मी दमट गोधडी उचलून दाराशी पसरली.

"मागच्या वर्षीचा फोटो आहे," ते म्हणाले. "तोच पाठवला तर? त्याला काय कळतंय." दोन क्षणांनी स्वतःच मान हलवली. "नाही, रिस्क नको. कळलं तर हेही बंद होईल. रुपेरी रंगाचा डबा आहे माझ्याकडे, वरून मारला तर?"

"रंग नका लावू काका. आतून वाढत जाईल." मी उपाय सांगायला लागले. त्यांनी हात वर केला.

"तुझं बरोबर असणार, मला माहीत आहे. पण तू गंजलेलं बघतेस. मला ज्याने चढवलंय असा माणूस हवा. तुझ्या बाबांना फोन लागेल आत्ता?"

मला वाटलं, नाही म्हणावं. अच्छा म्हणणाऱ्या माणसाला माझ्या बाबांचा वेळ का द्यावा? पण त्या पालथ्या बादलीवर बसलेल्या माणसाकडे बघून तेवढं कठोर होता येईना. नागपुरात संध्याकाळ होती. बाबा अंगणात खुर्ची टाकून बसले होते. मी व्हिडिओ लावला आणि काय झालंय ते सांगितलं. काका घाईघाईने उभे राहिले, माकडटोपी काढली, केस सारखे केले.

"नमस्कार साहेब," बाबा म्हणाले.

"साहेब नका हो म्हणू."

"बरं. दाखवा बंपर. जवळ न्या. अजून. सुजाता, उजेड धर वं." बाबांनी चष्मा कपाळावर सरकवून पुन्हा नाकावर ठेवला. "झाकून काहून ठेवलं होतं जी?"

"थंडी बाधेल म्हणून."

बाबा हसले नाहीत. "माहा मालकबी असाच होता. माल बांधून ठेवायचा पोत्यात. सडे सगळा. आता असं करा, रोटीवाला चांदीचा कागद राहते न घरात? त्याचा बोळा करा, पाण्यात भिजवा आन् हलक्या हातानं घासा. जोर नोका लावू. तांबडं निंगून जाईन. मंग साध्या पाण्यानं धुवा, पार कोरडं करा, मेण लावा पातळ. आन् उघडं ठेवा. हवा लागू द्या त्याले."

"आणि खड्डे?"

"खड्डे राहतीन. ते कोनी भरून देत नाही."

सांगता सांगता बाबा हात हलवून दाखवत होते, बोळा कसा धरायचा ते. पडद्यावर त्यांची बोटं अगदी समोर आली. काका बंपर सोडून तिकडेच बघत राहिले.

"हातमोजे नव्हते का हो?"

"होते न. एक जोडी. ज्याची पाळी त्याचे."

काकांनी स्वतःची बोटं उलटसुलट करून बघितली. मग म्हणाले, "मी आयुष्यभर लोकांनी बनवलेलं मोजत बसलो. स्वतः एक खिळा बनवला नाही."

"मोजाले बी लागतेच जी कोनी," बाबा म्हणाले. "गाडी तुमची?"

"मुलाची."

"काय करते पोरगा?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी बंपरकडे पाहिलं. बंद केलेला हीटर निवता निवता टिकटिक करत होता.

"वेल्डर आहे," काका म्हणाले. "पाइपांचं वेल्डिंग करतो."

"अरे वा. मंग तर घरचाच मानूस. वेल्डिंगचा हात सगळ्याइले नाही येत बरं. मंग त्यालेच दाखवा न हे, मले कायले दाखवता?"

"त्याला वाटेल, मी नीट सांभाळलं नाही."

"लयच सांभाळलं तुम्ही," बाबा म्हणाले. "म्हणून तर हे झालं. तसंच सांगा त्याले. कामाचा मानूस हाये, समजून घेते."

फोन ठेवल्यावर आम्ही दोघं बंपरच्या दोन टोकांना बसलो आणि मध्याकडे घासत निघालो. काकूंनी फॉइलचा अख्खा रोल आणून दिला. बाबा म्हणाले तसंच झालं, तांबडं पाणी ओघळत गेलं, खाली चमक आली. तासाभराने काकांनी मधल्या पट्ट्यावर शेवटचा हात फिरवला. दुरून बंपर पूर्वीसारखा होता. जवळून मात्र सुईने टोचल्यासारखे खड्डे दिसत होते, शेकड्यांनी.

काका म्हणाले, "तुझ्या बाबांना माझा नमस्कार सांग. मघाशी राहिला." आणि मग, जमिनीकडे बघत, "मी तुला त्या दिवशी विचारलं होतं, मॅनेजर का म्हणून."

"आठवतंय."

"मलाही आठवतंय," ते म्हणाले. आमच्यात माफी मागून झाली ती एवढीच. मला ती पुरली.

रविवारी पावणेदहाला मी आपणहून गेले. काका दाढी करून तयार. त्यांनी फोन काढला, आणि कोन कसा धरायचा ते बघायला जुने फोटो मागे सरकवू लागले. मी खांद्यावरून बघत होते. शंभराच्या वर असतील, सगळे एकाच ठिकाणून काढलेले. क्रोम म्हणजे आरसाच तो. प्रत्येक फोटोत बंपरच्या मधोमध एक छोटासा माणूस उभा होता, दोन्ही हातांत फोन धरून, हिवाळ्यात माकडटोपी घालून. पहिल्या हिवाळ्यातला माणूस रुंद होता. सरकत सरकत अलीकडे यावं तसा तो अंगाने उतरत गेला होता, स्वेटर खांद्यांवरून लोंबायला लागला होता.

"काका, या सगळ्यांत तुम्ही आहात."

"कुठे?" त्यांनी चष्मा पुसला. "हो की. आणि मागे कचऱ्याचा डबा पण आलाय प्रत्येकात. कुणी सांगायचं तरी."

त्यांनी फोटो काढला, खड्डे स्पष्ट दिसतील असा, अगदी जवळून. खाली एका बोटाने टाइप केलं: सॉरी. गंज आला. हीटरची चूक माझी. आणि पाठवला.

साडेदहा वाजले, अंगठा नाही. अकरा वाजले. काकूंनी पानं घेतली, काका म्हणाले, भूक नाही. फोन टेबलावर उताणा ठेवलेला आणि आम्ही तिघं त्याच्याभोवती, रिपोर्टची वाट बघत बसल्यासारखे. मधेच मिठाचा ट्रक खडखडत गेला. काका खिडकीकडे वळलेसुद्धा नाहीत. बारा वाजले. "तिकडे दोन तास मागे आहे," काकू म्हणाल्या. "झोपला असेल." "दर रविवारी दहाला उठलेला असतो," काका म्हणाले. "आज बघितलंन, आणि ठेवून दिलं." वाढलेली भाजी निवून गेली. मी निघते म्हणायचं तीनदा ठरवलं आणि तीनदा बसून राहिले.

पाऊण वाजता फोन थरथरला. काकांनी उचलला, वाचला आणि पुन्हा वाचला. मग माझ्याकडे दिला, जणू भाषा अनोळखी होती.

निखिलने लिहिलं होतं: बाबा, फार बारीक झालात. गोळी वेळेवर घेता ना? हीटर बंद ठेवा. बंपर मी बघतो.

"बारीक झालात म्हणजे?" काका म्हणाले. "फोटो तर बंपरचा होता."

काकू कढत वरण आणायला उठल्या होत्या. तिथूनच म्हणाल्या, "अहो, बंपर बघायला कोण फोटो उघडतं."

काकांनी फोन माझ्या हातातून परत घेतला. मग त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला, नंबर लावला आणि फोन कानाशी नेला. मी कोट उचलून बाहेर पडले. दार ओढून घेताना एवढंच ऐकू आलं, "हां, निखिल? जेवलास का?"

एप्रिलमध्ये निखिल आला. उंच, उन्हाने रापलेला, हातावर ठिणग्यांचे बारीक डाग. बंपरपुढे वाकून त्याने मिनिटभर पाहिलं आणि म्हणाला, "नॉट बॅड, बाबा. राहू दे असाच." तो चार दिवस राहिला. गल्लीच्या टोकाला राहणारे म्हातारे गोरे गृहस्थ कुत्रा फिरवायला आले तेव्हा काकांनी त्यांना हात करून थांबवलं, निखिलच्या पाठीवर हात ठेवला आणि सांगितलं, "माय सन. ही इज अ वेल्डर." गृहस्थ छान म्हणाले आणि पुढे गेले. काका ते वळणावर दिसेनासे होईपर्यंत तिथेच उभे होते.

ट्रक अजून समोरच्याच गराजमध्ये आहे, उघडा, त्याच बंपरसकट. त्या वर्षी निखिल दोनदा घरी आला. रविवारचा फोटो बंद झाला आहे. आता रविवारी दहा वाजता काका आणि निखिल फोनवर बोलतात.